येते म्हणून गेलेली

बाळांनो, जरा डोळे मिटा. आता मिटल्या पापण्यांआड एक रंग आणा. पिवळा. हळदीचा नव्हे, लिंबाचा नव्हे. माघातल्या करडईच्या फुलाचा पिवळा. त्याच्या कडेने हळूच केशरी येऊ द्या, आणि केशरीच्या टोकाला, जिथे फूल सुकू लागते तिथे, थोडे रक्त.

असे एक फूल नाही, असे शेत. एक शेत नाही, अशी सगळी भुई. काळ्याभोर मातीवर पेटलेली, काट्यांचे मुकुट ल्यालेली, हेमवर्णा, कंटकधारिणी करडई. वर माघाचे निरभ्र, निर्विकार आभाळ. आणि दूर, ते आभाळ जिथे टेकते तिथे, वाळूने रोडावलेल्या भीमेची रुपेरी रेघ.

करडई तुम्ही खाल्ली असेल. कोवळी असताना तिची भाजी करतात, लसूण घालून. तेव्हा ती मऊ असते, निमूट असते, कुणीही यावे आणि खुडावी. मग दिवस जातात. तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. आणि एका सकाळी दिसते, की तिच्या प्रत्येक पानाच्या प्रत्येक टोकाला काटा आला आहे.

भागीचा राग असाच आला होता. कुणाचे लक्ष नसताना.

भागी म्हणजे भागीरथी. भीमाकाठच्या चिंचोरे गावची, चौथीच्या वर्गातली, शेवंताची एकुलती लेक. सावळी, काटकुळी, कपाळावर आलेली बट फुंकर मारून उडवणारी. बोलायची कमी, बघायची फार.

तिला एक मैत्रीण होती. वयाने आईच्या धाकट्या बहिणीएवढी, आणि तरीही मैत्रीण. तिचे नाव वैजयंता.

वैजयंता कोळ्यांची. नदीच्या वाटेवर, गावाच्या खालच्या अंगाला तिचे घर. तिच्या पणज्याने पुराच्या पाण्यातून माणसे या काठाची त्या काठाला नेली होती. बाळंतिणी नेल्या होत्या, नवऱ्या नेल्या होत्या, देवही नेले होते. पुढे नदीवर पूल झाला. नावा गेल्या, वल्ही चुलीत गेली. घरात राहिली ती फक्त सांगड.

सांगड म्हणजे काय, ते सांगतो. दोन मोठे भोपळे घ्यायचे, वेलीवरच पिकून, वाळून, हलके झालेले. आतून पोकळ, बाहेरून शिसवीसारखे कठीण. दोघांना एका दोरीने जखडायचे, आणि ती जोडी पाठीवर बांधून पाण्यात उतरायचे. मग पाणी बुडवू म्हणाले तरी बुडवत नाही. दोन एकटी फळे, एका दोरीने एकत्र आलेली: ती सांगड. माणसांचीही अशीच बांधतात. फक्त ती दोरी दिसत नाही.

गावाच्या उगवतीला, नानासाहेबांच्या मळ्यात, एक विहीर आहे. चौकोनी, काळ्या चिऱ्यांची, पायरीपायरीने खाली उतरणारी. काठावर कडुनिंबाची सावली, कपारीत पारव्यांची घुमघुम, आणि तळाशी पाणी. उन्हाळ्यात शीतल, हिवाळ्यात कोमट. सकाळी हिरवे, दुपारी निळे, तिन्हीसांजेला तांब्याच्या घंगाळासारखे लालसर. त्या खोल, शांतगंभीर, पाषाणबद्ध अंधारात जणू कुणी आभाळाचा एक तुकडा घडी घालून जपून ठेवला होता.

त्या आभाळात वैजयंता गावातल्या मुलींना पोहायला शिकवायची.

मुलग्यांना कुणी शिकवावे लागत नसे. ते काठावरून उड्या टाकत, नाकातोंडात पाणी घेत, शिव्या खात शिकत. मुली काठावर बसून त्यांचे कपडे राखत. वैजयंता तालुक्याच्या शाळेत खेळ शिकवायची. सुटीच्या दिवशी गावी आली, काठावरच्या मुलींकडे तिने पाहिले, आणि घरी जाऊन माळ्यावरची सांगड काढली.

पहिल्या दिवशी भागी तिला वैजूताई म्हणाली. तेव्हा पाण्यात उताणी तरंगत, डोळे मिटून, वैजयंता म्हणाली, “पाण्यात ताई नसते गं. पाण्यात सगळ्या एका वयाच्या.”

तेव्हापासून वैजू. नुसती वैजू. शेवंताला ते मुळीच आवडत नसे. “वैजू काय वैजू, तुझ्याबरोबरची हाय का ती?” असे ती म्हणे, आणि भागी मान हलवून हो म्हणे.

ते दिवस जलमय होते. ते दिवस पाचूचे होते. पाठीवर सांगड, पोटाखाली वैजूचा तळवा, आणि खाली अथांग, अनोळखी, ओठ मिटलेले पाणी. मग तळवा हळूच काढलेला, आणि तो काढलाय हे कळायच्या आत भागी पुढे गेलेली. हात मारला की पाणी उजळे, पाय मारला की पाणी हसे. पारवे उडत आणि पुन्हा बसत. कडुनिंबाची पिवळी पाने गिरक्या घेत खाली येत, आणि भागीच्या केसांत अडकून तिच्याबरोबर पोहत.

एका संध्याकाळी वैजू म्हणाली, “आता उद्या सांगड सोडायची. उद्या पाठ मोकळी.”

त्या रात्री भागीला झोप आली नाही. मोकळ्या पाठीवरून पाणी कसे वाहत असेल, याचा ती विचार करत राहिली. तिने पाठीला हात लावून पाहिला. पाठ तिथेच होती, वाट बघत.

आणि पहाटे, उजाडण्याआधी, दारात हाक आली. भागी अर्धवट झोपेत होती. तिला वैजूचा आवाज ऐकू आला, आईचा ऐकू आला. वैजूचा हात केसांवरून फिरला. ती वाकली आणि म्हणाली, “येते हं, भागी.”

भागी झोपेतच हसली. वैजू येते म्हणाली. म्हणजे विहिरीवर येते.

बाळांनो, तुम्हीही घरातून निघताना ‘येतो’ म्हणता ना? ‘येते’ म्हणता ना? आपल्याकडे उंबरा ओलांडताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ते अशुभ. जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणावे, आणि राहणाऱ्याने ‘या’ म्हणावे, आणि दोघांनी मिळून जाण्याचे तोंड झाकून ठेवावे. मोठ्यांना ते ठाऊक असते. मोठी माणसे ‘येते’ ऐकतात आणि रुमाल शोधतात.

भागीने ‘येते’ ऐकले आणि ती विहिरीवर जाऊन बसली.

वैजूने तिच्याकडेच ठेवलेली सांगड पाठीला बांधून बसली. ऊन पायऱ्यांवरून उतरले, पाण्याला लागले, पुन्हा पायऱ्या चढून निघून गेले. पाणी हिरवे झाले, निळे झाले, तांब्याचे झाले. पारवे आले, गेले, आले. दुपारी मुलगे येऊन उड्या मारून गेले, आणि जाताना विचारून गेले, “काय गं भोपळे, कुणाची वाट बघतीस?” तिन्हीसांजेला शेवंता हुडकत आली. लेकीला तशी बसलेली पाहून ती शेजारी टेकली, आणि मग तिने सांगितले, की रात्री अचानक निघायचा निरोप आला, आणि वैजू गेली. लांब. समुद्रापलीकडे. तिथल्या मुलींना पोहायला शिकवायला.

“पण ती येते म्हणाली,” भागी म्हणाली.

“अगं, जाताना तसंच म्हंत्यात.”

त्या क्षणी कोवळ्या पानाच्या टोकाला पहिला काटा आला.

दूर आफ्रिकेत मलावी नावाचा एक लांबट, चिंचोळा देश आहे, आणि त्याच्या कुशीला समुद्राएवढे गोड्या पाण्याचे सरोवर. त्या सरोवराच्या काठी, मासे धरणाऱ्यांच्या एका वस्तीत, वैजयंता बिनपगारी शिकवायला गेली होती. पाण्यावर जगणारी ती वस्ती. आणि पाण्यात गुडघ्यापुढे जायला भिणाऱ्या तिथल्या मुली. होडी कलंडली तर मुलगे परत यायचे. मुली कधी यायच्या, कधी यायच्या नाहीत.

वैजूचा आवाज शेवंताच्या फोनवर यायचा. वाऱ्याने ओला झालेला, मधेच तुटणारा. ती भागीचे नाव घेऊन बोलायची. तिकडची मुले भोपळ्यांऐवजी तेलाचे रिकामे पिवळे डबे पाठीला बांधतात म्हणायची. तिथे एक चिकोंडी नावाची मुलगी आहे म्हणायची, तुझ्याएवढी, तुझ्यासारखीच नाकात पाणी गेलं की माझ्यावर रागावते.

भागी उत्तर पाठवत नसे. शेवंता फोन तिच्या तोंडाशी धरी. ती ओठ मिटून घेई. तिला चिकोंडीचा राग आला. जगातल्या सगळ्या पिवळ्या डब्यांचा राग आला. रेशनच्या दुकानासमोर तसला एक डबा पडलेला असे, त्याला ती येता-जाता लाथ मारी.

पण आई फोन घरी ठेवून शेतात गेली, की ती त्यात साठवलेला तो आवाज पुन्हा ऐकायची. आणि पुन्हा.

एकदा त्या आवाजात वैजू म्हणाली होती, “इथं पाण्याला काठ दिसत नाही गं. आपली विहीर कशी, चारी बाजूंनी आपल्याला धरून असते. इथं कुणीच धरलेलं नाही. पहिल्यांदा उतरले ना, तेव्हा मला भीती वाटली.”

वैजूला भीती. भागीने फोन छातीशी धरला. जिला भीती वाटली आणि जी तरी उतरली, ती वैजू; त्या काठहीन, क्षितिजव्यापी, परक्या पाण्यात, चिकोंडीच्या पोटाखाली तळवा धरून उभी असलेली वैजू. शाळेत नकाशा लावला होता, त्यावर मलावी शोधून भागीने बोट ठेवले आणि मैत्रिणींना म्हणाली, “ही माझी मैत्रीण.” देशालाच म्हणाली. तिचा अभिमान असा होता, आणि तिचा राग असा होता, आणि दोघे एकाच देठावर होते: देठाच्या वर फूल, फुलाच्या खाली काटा.

आणखी एकदा वैजू म्हणाली होती, “इथली माणसं जाताना वेगळंच बोलतात. जाणारा म्हणतो, त्सालानी ब्विनो. म्हणजे नीट राहा. आणि राहणारा म्हणतो, पितानी ब्विनो. म्हणजे नीट जा. सरळ ‘जा’ म्हणतात, भागी. कुणी दचकत नाही.”

ते वाक्य भागीने इतक्यांदा ऐकले, की ते तिला तिच्याच आवाजात ऐकू येऊ लागले.

आता विहिरीकडे चला. कारण इकडे विहिरीवर काही घडले होते.

पावसाळ्यात नानासाहेबांचा एक बोकड विहिरीत पडला. बोकड वाचला. तो पोहत पायरीला आला. बोकडाला पाण्यात उतरायची कुणी कधी मनाई केली नव्हती. पण नानासाहेबांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. जाळीला दार, दाराला कुलूप. काळे, थोराड, मुठीएवढे कुलूप. आभाळाच्या घडीवर कुणी दगड ठेवावा तसे.

मुलगे मळ्यात जात. “नाना, किल्ली,” म्हणत. किल्ली मिळे.

भागी गेली. “नाना, किल्ली,” म्हणाली.

नानासाहेब वाईट नव्हते. दिवाळीला सगळ्या गल्लीला ते फटाके वाटत. त्यांनी भागीकडे मायेने पाहिले, आणि म्हणाले, “बाळ, आता तू मोठी झालीस.”

एवढेच. ओरडले नाहीत, हाकलले नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाळांनो, दार कधी आपटून बंद करतात, कधी डोक्यावर हात ठेवून. दुसऱ्या तऱ्हेने बंद केलेले दार वाजत नाही, म्हणून ते बंद झाल्याचे गावाला कळत नाही.

वैजू असती तर. पण वैजू नव्हती. वैजू ‘येते’ म्हणून गेली होती.

भागीने सांगड उशाशी ठेवली. धूळ बसू दिली नाही, आणि दोरीची गाठही सोडली नाही. रात्री ती त्या गाठीवर बोट फिरवी. आत दोन भोपळे, आणि त्या भोपळ्यांत कोंडलेला जुना उन्हाळा.

आणि मग माघ आला, करडई पेटली, आणि वैजू थोड्या दिवसांसाठी गावी आली.

ती आल्या आल्या शेवंताच्या दारात गेली. भागी घरात नव्हती. भागी मागच्या दाराने निघून करडईत शिरली होती. करडईत कुणी शिरत नाही. काढणीलाही बायका हातापायांना फडकी गुंडाळतात. भागी तशीच शिरली, पार मध्यापर्यंत, आणि उकिडवी बसली. दंडावर, पोटऱ्यांवर, गालावर बारीक लाल रेघा उमटल्या. त्या पीतरक्त, प्रज्वलित, प्रखर फुलांच्या पेटीत एक लहानसा राग श्वास धरून बसला.

बांधावरून वैजूची हाक आली. एकदा. पुन्हा. मग हाक थांबली, पण पाऊल परतल्याचा आवाज आला नाही. वैजू बराच वेळ तिथे उभी होती. फुले हलत होती. त्यातली कुठली वाऱ्याने हलतात आणि कुठली भागीने, हे तिला कळत होते की नाही कोण जाणे. शेवटी ती गेली.

गावाने वैजयंतेचा सत्कार ठरवला. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. तिच्या फोटोचा फलक लागला, त्यात ती तिच्यापेक्षा गोरी दिसत होती. शाल आली, श्रीफळ आले, ध्वनिक्षेपक आला आणि दुपारपासून खरखरू लागला. सत्कार आटोपला की तिथूनच तिला न्यायला जीप येणार होती. पुष्पगुच्छ द्यायला गुरुजींनी भागीला निवडले, कारण तिचा पहिला नंबर होता, आणि कारण ती वैजूची मैत्रीण असल्याचे सगळ्या शाळेला पाठ झाले होते.

नानासाहेब अध्यक्ष होते. ते मनापासून बोलले. म्हणाले, आमची ही लेक कुठल्या कुठे गेली. त्या दूरच्या, मागासल्या मुलखात पोरींना पाण्यात उतरू देत नाहीत, पोरी बिचाऱ्या काठावर उभ्या राहून आयुष्य काढतात. अशा पोरींचा हात आमच्या वैजयंतेने धरला. टाळ्या झाल्या. मांडवात एका बाजूला बसलेल्या चिंचोऱ्याच्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या, कारण गुरुजींनी खूण केली.

मग भागीचे नाव पुकारले.

ती आली. हातात पुष्पगुच्छ नव्हता. पाठीवर सांगड होती, दोरीने करकचून बांधलेली, आणि गालावर करडईच्या रेघा. कुणीतरी हसले. शेवंता अर्धी उठली. भागी व्यासपीठावर चढली, वैजूसमोर उभी राहिली, आणि वळून तिने तिला आपली पाठ दाखवली.

“हे काय, भागी?” वैजू हळूच म्हणाली. “अजून सोडली नाहीस?”

“कुठं सोडू? विहिरीला कुलूप आहे.”

ध्वनिक्षेपक जवळ होता. त्याने ते वाक्य उचलले आणि साऱ्या पटांगणावर टाकले. विहिरीला कुलूप आहे. ते भिंतीला लागून परत आले. कुलूप आहे.

वैजूने मुलींकडे पाहिले. त्या खाली बघत होत्या. तिने नानासाहेबांकडे पाहिले.

“मुलगे पोहतात?”

“अगं, ते काय, मागतात, देतो किल्ली,” नानासाहेब म्हणाले. “पोरींचं वेगळं. मोठ्या झाल्या आता. कार्यक्रम होऊ दे, मग बोलू. पाहुणे आलेत.”

तुम्ही राग पाहिला असेल, बाळांनो. ओरडणारा, भांडी आपटणारा. वैजयंतेचा तसा नव्हता. तो विहिरीच्या पाण्यासारखा वर चढत आला, आवाज न करता, एकेक पायरी बुडवत. तिने खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली.

“नाना,” ती म्हणाली, “तुम्ही ज्या पोरींना बिचाऱ्या म्हणालात, त्यांच्या तळ्याला कुलूप नाही.”

नानासाहेबांचा चेहरा उतरला. पण हात खिशाकडे गेला नाही. तेव्हा बायकांतून शेवंता उठली. तिला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. तिने पदर डोक्यावर ओढला, आणि पदराआडून म्हणाली, “द्या, नाना. पोरगी वरीसभर भोपळे उशाशी घेऊन झोपतीया.”

नानासाहेबांनी किल्ली दिली.

पटांगणातून मळ्याकडे जाणारी वाट करडईतून जाते. पुढे वैजू, तिच्या मागे भागी, मग शेवंता, मग सगळ्या मुली. दोन्ही बाजूंना पिवळ्या ज्वाळा. खूप मागे, काय होते ते बघायला, गाव.

थंडीत मुलगेही फिरकले नव्हते, कुलूप गंजले होते. किल्ली फिरली, कुरकुरली, फिरली. दार उघडले, तसे पारवे भर्रकन उडाले, आणि विहिरीने कोंडलेला, शेवाळगंधी, कोमट श्वास सोडला.

वैजू नव्या साडीनिशी पाण्यात गेली. पाणी फुटले, जुळले, थरथरले. मधोमध ती वर आली आणि तिथेच पाय हलवत राहिली. तिने हात पुढे केला नाही.

भागी शेवटच्या पायरीवर उभी होती.

“रागावलीस?” वैजूने विचारले.

“हो.”

“अजून?”

“अजून.”

“मग रागातच ये. पाण्याला चालतं.”

भागीने गाठीला हात घातला. ती सुटेना. वर्षभराच्या बोटांनी ती दगडासारखी झाली होती. भागीने दोरी पुढे ओढली, दातांत धरली, मान झटकली. गाठ सुटली. सांगड पायरीवर पडून वाजली, पोकळ, खोल, नगाऱ्यासारखी. आणि भागीने उडी मारली.

आधी काहीच नव्हते. हिरवा अंधार, कानांत गुंजणारे मौन, आणि मोकळी पाठ. मग पाणी तिच्या मोकळ्या पाठीवरून वाहिले, वर्षभर ती मनात धरून होती तसेच. हात आपोआप उघडले. पाय आपोआप हलले. खालून काही तिला वर देत होते. ते भोपळे नव्हते, वैजूचा तळवा नव्हता. ते पाणीच होते, आणि पाण्यातली ती होती.

ती वर आली. केस तोंडावर, श्वास फुटलेला, डोळे लाल. हात मारत ती वैजूपर्यंत गेली, आणि तिच्या अगदी समोर येऊन तिने ते सांगितले, जे करडईत बसून, उशाशी सांगड घेऊन, फोन छातीशी धरून तिने तयार ठेवले होते.

“तू ‘जाते’ म्हणायला हवं होतंस.”

वैजूच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होते, आणि ते सगळे विहिरीचे नव्हते.

“हो,” ती म्हणाली. “म्हणायला हवं होतं.”

तिने कारण सांगितले नाही. क्षमा मागून भागीला रडवले नाही. दोघी विहिरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहल्या, आणि पुन्हा, आणि पुन्हा. एक लांब, एक आखूड, पाण्यावर ओढलेल्या दोन रेघा. मुली पायऱ्या उतरून खाली आल्या होत्या. कुणी पावले बुडवली, कुणी गुडघे.

वर, मळ्यापर्यंत आलेल्या जीपचा भोंगा वाजला.

वैजू ओलेत्याने वर आली. शेवंताने तिला आपली शाल पांघरली. आयाबाया जमल्या; कुणी तिचा हात हातात घेतला, कुणी कानशिलावर बोटे मोडली. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून ती वळली. ओठांवर जुनी सवय आली होती. “ये—” ती म्हणाली, आणि थांबली.

तिने भागीकडे पाहिले.

“जाते, भागी. नीट राहा.”

बायकांनी श्वास ओढला. एकीने, असं बोलू नये गं, असे म्हणत तिच्या तोंडापुढे हात धरला. मग सगळ्यांच्या नजरा भागीकडे वळल्या. आता या पोरीने तरी शहाण्यासारखे ‘ये’ म्हणावे, झाकून घ्यावे, सावरून घ्यावे.

भागीच्या पापण्यांवर पाणी होते, हनुवटीवर पाणी होते, आणि दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या.

“जा,” ती म्हणाली. स्पष्ट, मोठ्याने, साऱ्या गावाला ऐकू जाईल असे. “नीट जा.”

कुणाला तो शाप वाटला. वैजूला ते काय वाटले, ते तिच्या चेहऱ्यावर होते. तिने मान लववली, जशी मोठ्यांच्या आशीर्वादापुढे लववतात. जीप हलली. करडईवर धूळ उठली, पिवळ्यावर पांढरी, आणि पांढऱ्यात जीप दिसेनाशी झाली.

भागी धूळ बसायची वाट बघत उभी राहिली नाही.

ती विहिरीकडे परत गेली. मुलींतली सर्वांत लहान सोना पहिल्या पायरीवर उभी होती, अंगठा तोंडात घालून. भागीने सांगड उचलली, सोनाच्या पाठीवर ठेवली, दोरी छातीवरून घेतली आणि गाठ मारली. वैजूची गाठ. शेवंताने लुगडे खोचले, आणि आयुष्यात कधी पाण्यात न उतरलेली ती बाई शेवटच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून, आणि सोना त्या हातांवर पाण्यात उतरली.

“चला, बास आता,” वरून नानासाहेब म्हणाले. आवाज मायेचा होता. “पोरींनो, वर या. कुलूप लावायचंय.”

कुलूप जाळीच्या दारात उघडे लोंबत होते. भागी पायऱ्या चढून वर गेली. तिने ते कडीतून काढले. ते थंड होते, जड होते, तिच्या मुठीत मावत नव्हते.

“आण इकडे, बाळ,” नानासाहेबांनी हात पुढे केला.

भागीने तो हात पाहिला. मग तिने विहिरीच्या मोकळ्या कोपऱ्याकडे पाहिले, जिथे कुणी नव्हते, जिथे पाणी सर्वांत खोल, सर्वांत काळे होते. तिने दंड मागे नेला, उघड्या दारातून पुढे झोकला, आणि बोटे उघडली.

पाण्यावर एक वलय उठले. त्यातून दुसरे, त्यातून तिसरे. निंबाची पिवळी पाने डोलली. भोपळे डोलले, आणि भोपळ्यांखाली सोना डोलली. पारव्यांची सावली डोलली, आणि घडी मोडून पसरलेले माघाचे सगळे आभाळ डोलले. सगळे तरंगत राहिले.

कुलूप तेवढे बुडाले.